मामांची अंकलिपी: स्पेक्ट्रमच्या कॅसेटपासून मुक्त परवान्यापर्यंत

माझ्या मामांकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक होता. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसची ही भारतीय आवृत्ती. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ती १९८६ मध्ये परवाना घेऊन बाजारात आणली आणि १९९० च्या सुमारास ती बाजारातून गेली. मामा गणिताचे शिक्षक. १९८८ च्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी आम्हा भाचरांसाठी त्यावर ‘अंकलिपी’ नावाचा प्रोग्राम लिहिला. कळ दाबली की दूरदर्शन संचावर मराठी अक्षर उमटायचं. मी बाराखडी त्याच पडद्यावर शिकले.

दोन वर्षांपूर्वी माळ्यावरून बुटांचा एक खोका निघाला. आत नऊ कॅसेट आणि चौकटीची एक वही. त्या खोक्यातला प्रोग्राम आज कोणालाही उतरवून घेता येतो, वाचता येतो, बदलता येतो. तिथपर्यंत जाताना जे जे करावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरण स्पेक्ट्रमचं आहे. कॅसेटवर प्रोग्राम साठवणाऱ्या इतर घरगुती संगणकांना साधनं वेगळी लागतील, वाट हीच.

सुरुवातीलाच एक सांगते. असा खोका तुमच्या घरी असेल आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस हयात असेल, तर कॅसेट वाजवण्याआधी त्याच्याशी बोला. टेप आणखी सहा महिने टिकेल, आठवणीचा भरवसा नसतो.

वाजवण्याआधी

पहिल्या दिवशी कॅसेट यंत्रात घालायचीच नाही. प्रत्येक कॅसेटचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. डबीतल्या कागदाचे काढा, वहीच्या पानापानाचे काढा. कॅसेटला क्रमांक द्या आणि तो कॅसेटवर न चिकटवता डबीवर लिहा. मामांच्या कागदांवर आकडे होते: ‘अंकलिपी ०४२’, ‘निकाल ११०’. टेपरेकॉर्डरच्या काउंटरवर कोणता प्रोग्राम कुठे सुरू होतो त्याची ती नोंद. तुमच्या टेपरेकॉर्डरचा काउंटर वेगळ्या गतीने फिरेल, पण क्रम कळतो आणि किती प्रोग्राम सापडायला हवेत तेही कळतं.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन प्लास्टिकच्या जिभा असतात. त्या शाबूत असतील तर स्क्रूड्रायव्हरने आत मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मूळ आवाज पुसला जाणार नाही.

आता उजेडात धरून टेपच्या गुंडाळीच्या कडा बघा. पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेटवर ती हमखास सापडते. अशी कॅसेट वाजवू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. दुसरी तपासणी फेल्टच्या तुकड्याची. कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध, टेपच्या मागे, पितळी पट्टीवर चिकटवलेला असतो तो. तीस-पस्तीस वर्षांत त्याचा गोंद वाळतो, तुकडा गळून पडतो आणि टेप हेडला नीट टेकत नाही. उपाय सोपा आहे. स्क्रूची कॅसेट घ्यायची, तिच्यातली टेप काढायची आणि आपल्या गुंडाळ्या तिच्यात बसवायच्या. हे आधी एखाद्या टाकाऊ कॅसेटवर करून बघा. माझी पहिली टाकाऊ कॅसेट जमिनीवर पूर्ण उलगडली होती.

टेप वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली असते. म्हणून एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. यंत्राचं हेड, टेप ओढणारा बारीक दांडा आणि रबरी चाक साफ करा. धातूच्या भागांना आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. रबराला फक्त ओलसर कापड लावा.

आवाज उतरवणं

इथे मी एक चूक केली. घाई होती म्हणून पहिली कॅसेट एका दुकानात ‘डिजिटल करून’ द्यायला दिली. हातात एमपीथ्री फाइल आली, तीही खरखर काढून ‘साफ’ केलेली. गाण्यासाठी ते ठीक असेल. प्रोग्रामसाठी नाही, कारण एमपीथ्री माणसाच्या कानाला जे ऐकू येत नाही ते टाकून देतो आणि लाटेचा आकार बदलतो. संगणकाला तर लाटेची कड नेमकी कुठे आहे एवढंच हवं असतं.

ते कसं चालतं हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. स्पेक्ट्रमचा झेड८०ए प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोके टाकतो. टेपवर शून्याचा बिट म्हणजे प्रत्येकी ८५५ ठोक्यांचे दोन स्पंद, आणि एकाचा बिट म्हणजे प्रत्येकी १,७१० ठोक्यांचे दोन. म्हणजे ‘एक’ हा ‘शून्या’च्या बरोबर दुप्पट लांब. सुरुवातीची लांब शिट्टी २,१६८ ठोक्यांच्या स्पंदांची असते. ती शीर्षकाआधी सुमारे ५ सेकंद आणि माहितीआधी सुमारे २ सेकंद चालते. तेव्हा पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे धावायचे. मग माहिती सुरू झाली की निळे-पिवळे पट्टे आणि तो कर्कश किर्रर्र आवाज. ज्यांनी ऐकलाय त्यांना तो आत्ताही ऐकू आला असेल.

आता हिशोब करा. ४४.१ किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेत, ध्वनिमुद्रण केलं तर शून्याच्या बिटाला साधारण साडेएकवीस नमुने मिळतात आणि एकाच्या बिटाला त्रेचाळीस. फरक ओळखायला एवढे पुरतात. म्हणून मांडणी अशी ठेवा: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये वायर घ्या. लाइन-इन नसेल तर एक साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. मायक्रोफोनचं तोंड वापरू नका. तिथे आवाज आपोआप कमीजास्त होतो आणि लाटा फाटतात. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद करा. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये पातळी अशी ठेवा की शिखरं वरच्या रेषेच्या बरीच खाली राहतील. स्टिरिओ यंत्र असेल तर दोन्ही वाहिन्या उतरवा पण त्यांची बेरीज करू नका. बहुतेक वेळा एक वाहिनी दुसरीपेक्षा स्वच्छ असते, ती नंतर निवडता येते.

बाजारात मिळणारे खिशात मावणारे यूएसबी कॅसेट प्लेयर मी वापरून पाहिले. त्यांची गती डगमगते. घरातला जुना, विजेवर चालणारा डेक दुरुस्त करून घ्या. रबरी पट्टा बदलला की बहुतेक डेक उठून बसतात.

आता हेडचा कोन. कॅसेट ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या यंत्राच्या हेडचा कोन जुळला नाही तर वरचे सूर मरतात, आणि शून्याचे बिट वरच्या सुरात असतात. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने नोंदवा. कॅसेट चालू ठेवून स्क्रू हळूहळू फिरवा, पाव वळणाच्याही आत. आवाज बोथट असतो तो एका जागी एकदम धारदार होतो. तीच जागा. प्रत्येक कॅसेटला ती वेगळी असू शकते. नऊपैकी चार कॅसेट मी केवळ या स्क्रूने वाचवल्या.

प्रत्येक बाजू दोनदा उतरवा, शक्य असेल तर दोन वेगळ्या यंत्रांवर. एका वाहिनीला मिनिटाला साधारण ५.३ मेगाबाइट जागा लागते. दुसऱ्या फेरीचं मोल पुढे कळेल.

आवाजातून बाइट

फ्यूज नावाचा स्पेक्ट्रमचा मुक्त एम्युलेटर आहे, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. त्याच्यासोबत छोट्या साधनांचा एक संच मिळतो. त्यातलं ‘ऑडिओटूटेप’ वेव्ह फाइल वाचून टेपची फाइल बनवतं आणि ‘टीझेडएक्सलिस्ट’ तिच्यात कोणते ठोकळे (माहितीचे सलग तुकडे) आहेत ते दाखवतं. दोन प्रकारच्या फाइली बनवता येतात. टॅप ही साधी: प्रत्येक ठोकळ्याआधी दोन बाइटांत त्याची लांबी आणि मग ठोकळा. टीझेडएक्समध्ये स्पंदांच्या लांबीसकट सगळं लिहिता येतं. घरी लिहिलेल्या प्रोग्रामला टॅप पुरतं. बाजारातल्या खेळांमध्ये जलद लोडिंगच्या करामती असत, त्यांना टीझेडएक्सच लागतं. तरीही मी दोन्ही बनवते आणि वेव्ह फाइल कधीच पुसत नाही. ती जागा कमी खाणाऱ्या फ्लॅकमध्ये ठेवता येते, त्यात काही हरवत नाही.

मामांच्या अक्षरांचा ठोकळा टॅप फाइलमध्ये कसा दिसतो ते बघू. आधी शीर्षक. १९, ० म्हणजे पुढे १९ बाइट आहेत. मग ०, म्हणजे हे शीर्षक आहे. मग ३, म्हणजे पुढे येणारा मजकूर बेसिक या भाषेतला प्रोग्राम नसून नुसते बाइट आहेत. मग दहा बाइटांत नाव. मग ०, ३, म्हणजे लांबी ३ गुणिले २५६, बरोबर ७६८. मग ०, २५०, म्हणजे हे बाइट स्मृतीत ६४००० या पत्त्यावर बसवायचे. मग ०, १२८, ज्याचा इथे उपयोग नाही. शेवटी पडताळ्याचा एक बाइट.

७६८ कशासाठी? स्पेक्ट्रमची छापायची अक्षरं ९६, प्रत्येक अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांचं, म्हणजे ८ बाइट. मामांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी पूर्ण मराठी संच बसवला होता. यंत्राला नवा संच दाखवायला एकच आज्ञा पुरायची: २३६०७ या पत्त्यात २४९ घालायचे. हा पत्ता प्रत्यक्ष जागेपेक्षा २५६ ने कमी सांगावा लागतो, म्हणून २५० नाही, २४९. वहीत हा आकडा तीनदा खोडून लिहिलेला आहे.

आणि त्यांची युक्ती बघा. प्रत्येक मराठी अक्षराचा पहिला बाइट २५५. आठही ठिपके पेटलेले. त्यामुळे दोन अक्षरं शेजारी आली की शिरोरेषा आपोआप जोडली जाते. वहीत ग असा आहे: २५५, ३४, ३४, ३४, ९८, ९८, २, २. चौकटीच्या कागदावर काढून बघा, ग दिसतो.

हाच ठोकळा पहिल्या फेरीत बिघडलेला निघाला. स्पेक्ट्रमचा पडताळा असा असतो की ठोकळ्यातले सगळे बाइट, ओळखीचा पहिला बाइट आणि शेवटचा पडताळ्याचा बाइटसुद्धा, एक्सऑर (बिटाला बिट ताडून, वेगळे तिथे एक आणि सारखे तिथे शून्य) करत गेलं की शून्य उरलं पाहिजे. माझ्याकडे ८ उरले. शून्याऐवजी काय उरतं ते नीट बघत जा, त्यातून माग लागतो. एकच बिट चुकला असेल तर उरलेली संख्या सांगते की तो बाइटातला कितव्या जागेचा बिट आहे. इथे ८ किमतीचा. कोणत्या बाइटातला ते मात्र ती सांगत नाही.

पडताळा चुकलेला ठोकळा स्पेक्ट्रम स्वतः घेतच नाही, ‘आर टेप लोडिंग एरर’ म्हणून थांबतो. मी ते बाइट एका छोट्या प्रोग्रामने चौकटींच्या रूपात छापले आणि डोळ्यांनी बघत गेले. म ला पोचले आणि थांबले. म ची शिरोरेषा मध्येच तुटलेली. मामांनी म बसवला होता तो इंग्रजी एम कळीवर, संकेतांक १०९. त्यातून ३२ वजा केले तर ७७, गुणिले ८, म्हणजे शून्यापासून मोजत ६१६ वा बाइट. तिथे २५५ हवे होते, होते २४७. फरक ८. दुसऱ्या फेरीच्या ध्वनिमुद्रणात त्याच जागी २५५ निघाले आणि पडताळा शून्य आला.

शिरोरेषेमुळे चूक सापडली, पण मी ती हाताने दुरुस्त केली नाही. दुसऱ्या फेरीचा ठोकळा घेतला. हाच नियम ठेवा: दोन फेऱ्यांची तुलना करा, जो ठोकळा पडताळ्यात उतरेल तो घ्या, आणि कोणता ठोकळा कोणत्या फेरीतला हे लिहून ठेवा. कुठल्याच फेरीत ठोकळा उतरला नाही आणि अंदाजाने बाइट भरावाच लागला, तर तसं ठळकपणे नोंदवा.

सगळं जुळलं की प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (एक बाइट बदलला तरी बदलणारी खूण) काढून एका मजकूर फाइलमध्ये ठेवा. मग फ्यूजमध्ये प्रोग्राम चालवा, सगळ्या वाटांनी. फक्त पहिला पडदा आला म्हणून समाधान मानू नका.

बाइटांतून वाचता येईल असा मजकूर

टेप फाइल हे जतन झालं. स्रोत, म्हणजे प्रोग्रामचा माणसाला वाचता येणारा मजकूर, अजून उघडलेला नाही, कारण टॅप फाइल माणसाला वाचता येत नाही.

बेसिकसाठी ‘लिस्टबेसिक’ वापरा, मजकूर मिळेल. उलट दिशेने, मजकुरापासून टॅप बनवायला ‘झेडमेकबेस’ आहे. पण तीन ठिकाणी सांभाळा. स्पेक्ट्रमच्या संकेतांकांत पाउंडचं चिन्ह ९६ वर आणि कॉपीराइटचं चिन्ह १२७ वर आहे, साध्या मजकुरात तिथे भलतंच काही उमटतं. दुसरं, बेसिकच्या ओळीत प्रत्येक संख्येच्या अंकांनंतर १४ हा बाइट आणि मग पाच लपलेले बाइट असतात. यंत्र हिशोब त्या पाचांवरून करतं. काही जण मुद्दाम दिसणारी संख्या वेगळी ठेवत. मजकुरातून पुन्हा बनवताना तो भेद नाहीसा होतो. तिसरं सगळ्यात नेहमीचं: पहिल्याच ओळीत रेम (टीप लिहिण्याची आज्ञा) आणि त्यापुढे कचऱ्यासारखी अक्षरं दिसली तर तो कचरा नाही. तिथे मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा, दडवलेला असतो. बेसिक प्रोग्राम २३७५५ पासून सुरू होतो, ओळीचा क्रमांक आणि लांबी यांचे चार बाइट आणि रेमचा एक सोडला की २३७६०. पुढे कुठे २३७६० ला जाण्याची आज्ञा दिसली तर समजा कोड तिथेच आहे. ही ओळ मजकूर म्हणून जपता येत नाही, ती वेगळी काढून बाइट म्हणून ठेवावी लागते.

मशीन कोडसाठी स्कूलकिट उत्तम आहे. टेपवरून स्मृतीचं चित्र बनवा, त्यातला कोणता पट्टा कोड आणि कोणता माहिती ते एका नियंत्रण फाइलमध्ये सांगा, आणि त्यातून टिपांसकट असेंब्ली मजकूर (त्याच आज्ञा, पण वाचता येतील अशा शब्दांत) मिळवा. इथे वेळ जातो. मामांचा कोड जेमतेम २०० बाइटांचा होता तरी मला तीन रविवार लागले, आणि त्यातला एक पूर्ण रविवार मामांसोबत फोनवर गेला. “अगं, तो भाग आवाजाचा आहे. कळ दाबली की टिक वाजायला हवं ना,” हे मला नुसत्या कोडवरून कळायला आणखी एक रविवार गेला असता.

तुमची असेंब्ली खरी की नाही याची कसोटी एकच. ती एसजेएएसएमप्लससारख्या असेंब्लरमधून पुन्हा बांधा आणि निघालेले बाइट मूळ बाइटांशी ताडून बघा. एकही बाइट वेगळा निघता कामा नये.

आणि या टप्प्यावर काहीही सुधारू नका. अंकलिपीत ळ ची कळ दाबली की ल उमटतो. मामांनी माहिती भरताना ल चे आठ आकडे दोनदा लिहिले आणि ळ राहून गेला. मूळ आवृत्तीत तो तसाच आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जीडब्ल्यू-बेसिकचा १९८३ चा स्रोत एमआयटी या मुक्त परवान्याने खुला केला, तेव्हा त्यांनीही त्या भांडारात बदल पाठवू नका असंच सांगितलं. इतिहास तपासायला येणाऱ्याला तेव्हा काय होतं ते दिसलं पाहिजे.

हक्क कोणाचा

कंटाळा येतो म्हणून लोक हा भाग टाळतात, आणि याच एका गोष्टीवरून तुमचं काम मुक्त स्रोत आहे की नुसतं कुठेतरी ठेवलेलं आहे ते ठरतं. मी वकील नाही. व्यापारी प्रोग्रामबाबत वकिलाला विचारा. घरगुती प्रोग्रामपुरतं सांगते.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे १९८८ चा प्रोग्राम ‘जुना झाला’ म्हणून मोकळा होत नाही. कंपनी बंद पडली म्हणूनही होत नाही. तिचे हक्क कोणाकडे तरी गेलेले असतात. प्रोग्राम नोकरीचं काम म्हणून लिहिलेला असेल तर वेगळा करार नसताना कलम १७ नुसार पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचा. आणि लेखक वारला असेल तर हक्क वारसांकडे जातात. एका मुलाने हो म्हणून भागत नाही, सगळ्या वारसांची संमती लागते.

आपल्याकडे कायदेशीरपणे आलेल्या प्रोग्रामची सुरक्षेसाठी प्रत काढायला कलम ५२ मुभा देतं. म्हणजे कॅसेट उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवायला तुम्ही मोकळे आहात. इंटरनेटवर टाकायला नाही.

परवानगी आणि मुक्त परवाना यांतला फरक स्पेक्ट्रमच्याच उदाहरणाने समजतो. १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ५० लाख पाउंडांना घेतला, त्यासोबत यंत्राच्या १६ किलोबाइट रॉमचे (यंत्रातच कायम बसवलेल्या मूळ प्रोग्रामचे) हक्कही गेले. १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडने जाहीर केलं की एम्युलेटर बनवणाऱ्यांनी ही रॉम सोबत द्यायला हरकत नाही, हक्क आमचेच राहतील आणि हक्काची सूचना बदलू नका. ही फार मोठी गोष्ट होती. तिच्यामुळेच आज फ्यूज उघडला की स्पेक्ट्रम चालतो. पण ही नुसती परवानगी आहे, मुक्त परवाना नाही. म्हणून डेबियन ही मुक्त संगणक प्रणाली रॉम आपल्या मुख्य संचात न ठेवता ‘मुक्त नसलेल्या’ विभागात ठेवतं. तुमच्या भांडारात रॉम ठेवू नका, तिची गरजही नाही.

मामांच्या नऊ कॅसेटमध्ये त्यांचे स्वतःचे प्रोग्राम सहा होते, आणि सहांचा निकाल एकसारखा लागला नाही. अंकलिपी घरी, सुट्टीत, स्वतःच्या यंत्रावर लिहिलेली. ती त्यांचीच. ‘निकाल’ हा प्रोग्राम मात्र शाळेने सांगितला म्हणून लिहिला होता आणि त्यात मुलांची नावं आणि गुण होते. तो आम्ही उघडला नाही. घरी जपून ठेवला आहे, बस. एका प्रोग्राममध्ये चित्रपटातल्या गाण्याची चाल बीपच्या सुरांत बसवलेली होती. चालीवर दुसऱ्याचा हक्क, म्हणून ते सूर वगळून बाकी प्रोग्राम दिला आणि वगळल्याची नोंद ठेवली. दोन प्रोग्राम इंग्रजी मासिकातून टाइप केलेले निघाले, मामांनी फक्त संदेश मराठीत केले होते. तेही बाहेर गेले नाहीत. सहाव्यात काहीच अडचण नव्हती. तुमच्या प्रोग्राममध्ये विकत घेतलेल्या कंपायलरचा काही भाग शिरलेला आहे का तेही बघा. त्या भागाचा हक्क तुमच्या माणसाचा नसतो.

तोंडी ‘हो’ पुरेसा समजू नका. आम्ही साध्या कागदावर असं लिहून घेतलं:

“‘अंकलिपी’ हा संगणक प्रोग्राम मी १९८८ साली स्वतः, माझ्या घरी, माझ्या मालकीच्या यंत्रावर लिहिला. तो कोणत्याही नोकरीचे काम म्हणून लिहिलेला नाही. त्याचे हक्क मी कोणालाही विकलेले अथवा दिलेले नाहीत. हा प्रोग्राम, त्याचा स्रोत आणि सोबतची अक्षरे एमआयटी परवान्याच्या अटींवर सर्वांसाठी खुली करण्यास माझी संमती आहे. परवान्याचा मजकूर मी वाचला आहे, तो सोबत जोडला आहे.”

खाली तारीख, सही. शिवाय शाळेच्या संस्थेकडून ‘आमचा यावर दावा नाही’ असं एका ओळीचं पत्र घेतलं. कायद्याने त्याची गरज नसावी, पण पुढे कोणी विचारलं तर कागद हाती असलेला बरा.

परवाना कोणता, हे लेखकाच्या मनावर. मामा म्हणाले, “पोरांनी वापरावं, मोडावं, जोडावं. नाव तेवढं राहू दे.” म्हणजे एमआयटी. बदल करणाऱ्यानेही आपला स्रोत उघडाच ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल. वहीच्या पानांना आणि टिपांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिला. ‘कोणी पैसे कमवू नयेत’ अशी अट घालायचा मोह होतो. ती घातली की प्रोग्राम मुक्त स्रोत राहत नाही, आणि शाळांना साहित्य विकणारा एखादा लहान प्रकाशकही बिचकून दूर राहतो.

भांडार बांधणं

गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात पहिली नोंद फक्त मूळ टॅप, टीझेडएक्स आणि ठशांची करा. दुसरी नोंद वाचनीय मजकुराची. म्हणजे कच्चं काय आणि तुम्ही काय केलं हे वेगळं दिसतं. गिट लेखक आणि नोंद करणारा असे दोघे वेगळे ठेवतं, त्याचा उपयोग करा: मूळ स्रोताच्या नोंदीला लेखक मामा, नोंद करणारी मी. तारीख १९८८ ची घालता येते. मी घातली नाही, कारण ती नोंद खरोखर त्या दिवशी झालेली नव्हती. साल माहितीपत्रकात लिहिलं. टॅप फाइली द्विमान (बायनरी, म्हणजे मजकूर नसलेल्या) आहेत असं गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये आधीच सांगा, नाहीतर विंडोजवर ओळींचे शेवट ‘सुधारताना’ बाइट बदलू शकतात. ध्वनीच्या फाइली मोठ्या, त्या गिटमध्ये न ठेवता इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या आणि तिथला पत्ता भांडारात दिला.

माहितीपत्रक मराठीत लिहा आणि त्याचा इंग्रजी अनुवादही ठेवा. कोणत्या यंत्रासाठी, किती स्मृती लागते, कसं चालवायचं, कोणत्या कळीवर कोणतं अक्षर, टेप कशी उतरवली, कुठे काय वगळलं. परवान्याचा पूर्ण मजकूर वेगळ्या फाइलमध्ये. संमतीपत्र मी घरीच ठेवलं, त्यावर सही आणि पत्ता आहे. ते आहे एवढाच उल्लेख भांडारात आहे.

मग सॉफ्टवेअर हेरिटेजच्या संकेतस्थळावर जाऊन भांडाराचा पत्ता द्या आणि ते जतन करायला सांगा. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला हा साठा आहे. तो संपूर्ण इतिहासासकट प्रत घेतो, म्हणजे तुमचं खातं बंद झालं तरी स्रोत राहतो. स्पेक्ट्रमच्या प्रोग्रामांची मोठी सूची स्पेक्ट्रम कम्प्युटिंग चालवतं, तिथेही नोंद करा. भारतात घरोघरी लिहिलेले प्रोग्राम अशा सूच्यांत फारच थोडे दिसतात.

कॅसेट फेकू नका. पूर्ण मागे फिरवून, डबीत उभ्या ठेवा. खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका, स्पीकरपासून आणि भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवा. आमच्या डबीवर आता काउंटरच्या जुन्या आकड्याखाली नवी ओळ आहे: कोणत्या तारखेला, कोणत्या यंत्रावर, किती फेऱ्यांत उतरवली.

भांडार उघडं झाल्यावर आठवड्याभराने मामांचा फोन आला. त्यांना ळ ची चूक दिसली होती. मूळ बदलायचं नाही हे मी सांगण्याआधी त्यांनीच सांगितलं, “तो तसाच राहू दे, वेगळी शाखा कर.” मग त्यांनी चौकटीच्या कागदावर ळ काढून फोटो पाठवला. खाली आठ आकडे, पहिला २५५. ती शाखा आता आवृत्ती १.१ म्हणून भांडारात आहे आणि तिच्या नोंदीवर लेखक म्हणून त्यांचंच नाव आहे, या वेळी त्याच दिवसाच्या तारखेसह.